मदत हवी आहे: उताराला गाडी न्यूट्रल केली तर ॲव्हरेज खरंच वाढतं का?

नमस्कार मंडळी, गुहागरहून विचारतेय. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला चिपळूणला न्यावं लागतं, जाऊन येऊन ९० किमीच्या आसपास. गाडी १.२ पेट्रोल, ७ वर्षं जुनी. आधी १७ द्यायची, पावसाळा लागल्यापासून १३ वर आलीय. स्क्रीनवरचा आकडा नाही हा, टाकी फुल ते टाकी फुल असं तीनदा मोजलंय. महिन्याला १४-१५ लिटर जास्त जातंय.

रस्ता माहितीच असेल, शृंगारतळी सोडली की मार्गताम्हाणे, रामपूर करत चिपळूणपर्यंत नुसते चढउतार नि वळणं. बाबा जुन्या जीपच्या काळातले, उतार आला की म्हणतात गिअर काढ, जाऊ दे तशीच. मला पावसात भीती वाटते पण त्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही, आधीच त्यांना वाटतं की आपल्यापायी पेट्रोल जळतंय. चढाला मी तिसऱ्यातच रेटते, थरथरायला लागली की दुसरा टाकते, हे चुकतंय का? आणि आत चार तास लागतात, त्यातला तास-दीड तास मी गाडीतच एसी लावून बसते, त्याने कितीसा फरक पडणार?

दापोलीकर: ताई, न्यूट्रल अजिबात नको. कार्बोरेटरच्या जीपला बाबांचं म्हणणं चालून जायचं. तुमच्या गाडीत इंजेक्टर आहेत, गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पेट्रोल बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात, आरपीएम अगदी खाली आला की परत सुरू होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, वर सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की मग लागत नाहीत. आपल्या वळणांवर हा धोका कशाला घ्यायचा. चढाला थरथरायची वाट बघू नका, चढ लागायच्या आधीच दुसरा टाका.

मिरजोळे: खरं गळतंय ते एसीत. उभी गाडी एसी लावून तासाला लिटरभर तरी पिते, किमी शून्य. महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्या गुणिले दीड तास करा, तुमचं उत्तर तिथेच आहे. पावसाळ्याआधी कुठे बसायचात? शिवाय खाऱ्या दमट हवेत मागचे ब्रेक गंजून धरतात, घरी पोचल्यावर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन बघा, एकच जास्त गरम लागलं तर ब्रेक चिकटतोय. टायरची हवा सकाळी गार असताना बघा, किती हवी ते ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर असतं.

मूळ धागा मीच: मिरजोळे, अगदी बरोबर, मे महिन्यापर्यंत बाहेर झाडाखाली बसायचे!! पाऊस आल्यावर गाडीत बसायला लागले, हे डोक्यातच आलं नाही. आता आत वेटिंगमध्ये बसते. हवा ३३ हवी, २६ निघाली. मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागतंय, शनिवारी ब्रेक उघडून घेणार. बाबांना इंजेक्टरचं पटेना म्हणून परवा उताराला गिअरमध्येच पाय उचलून दाखवला, स्क्रीनवरचा चालू ॲव्हरेज एकदम टोकाला गेला. आता दर उताराला तेच सांगतात, पाय उचल, गिअर राहू दे. ही टाकी संपली की आकडा टाकते.