जनुकीय अभ्यास छापताना काय काय सांगायलाच हवं?

गोदाकाठ:
मधुमेह, वंध्यत्व, वारंवार होणारे गर्भपात यांचा जनुकांशी संबंध दाखवणारे आपल्या भागातले शोधनिबंध मी आवर्जून वाचते. 'अमुक व्हेरिएंट (जनुकाचं वेगळं रूप) मराठवाड्यातल्या रुग्णांत लक्षणीय' इथवर सगळे येतात. पण तुलनेसाठीच्या निरोगी गटातली माणसं कुठून घेतली? रुग्ण जिल्हा रुग्णालयातले आणि निरोगी गट म्हणून कॉलेजची पोरं घेतली, तर दिसलेला फरक आजाराचा की दोन गटांतल्या वेगवेगळ्या जातसमूहांचा, हे कसं कळणार?

२००९ साली 'स्ट्रेगा' नावाची, शोधनिबंधात काय काय लिहावं याची सूची आली. निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी 'स्ट्रोब' ही २२ कलमांची यादी आधीच होती, तीच जनुकीय संबंधांच्या अभ्यासासाठी वाढवली. जनुकप्रकार कोणत्या पद्धतीने ठरवला, त्यात चुका किती, हार्डी-वाइनबर्ग समतोल (गटात जनुकप्रकारांचं प्रमाण गणिताने अपेक्षित तसं आहे का) तपासला का, सहभागी एकमेकांच्या नात्यातले आहेत का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. नात्याचा प्रश्न तर आपल्यासाठीच असल्यासारखा आहे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवलाचं नाही. एकाच तालुक्यातले शंभर रुग्ण घेतले तर त्यांत आतेमामे भावंडं निघणारच, आणि गणितात मात्र ती शंभर सुटी माणसं धरली जातात. पीएचडीचा प्रबंध जमा करताना ही सूची सक्तीची करावी, असं माझं ठाम मत आहे.

साधा_प्राध्यापक:
ताई, सक्तीला माझा विरोध आहे. तालुक्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र जाणणारं माणूस नसतं. पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती वाढवून तपासण्यासाठी) विद्यार्थी दुसऱ्या शहरात जातात. त्यात आणखी एक फॉर्म आला की तोही इतर फॉर्मांसारखाच भरला जाईल. साठ रुग्णांचा अभ्यास सगळी कलमं भरली तरी साठ रुग्णांचाच राहतो.

दुखणं दुसरीकडे आहे. २००२ साली एका आढाव्यात, तीन किंवा अधिक वेळा तपासलेल्या १६६ जनुकीय संबंधांपैकी फक्त ६ सातत्याने टिकले. नमुने थोडे आणि 'संबंध सापडला' तेवढंच छापायचं, याचा हा परिणाम. नांदेड, लातूर, परभणी, बीडच्या कॉलेजांनी एकाच पद्धतीने नमुने घेऊन एकत्र अभ्यास करावा. पैसा आणि वेळ तिथे घाला.

गोदाकाठ:
सर, एकत्र अभ्यास हवाच. पण नमुने कसे निवडले हे प्रत्येकाने लिहिलंच नाही तर एकत्र काय करणार? टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी दुवा २००६ मध्ये आइसलँडमधल्या अभ्यासात दिसला, आणि २००७ मध्ये पुण्याकडच्या रुग्णांतही. नेमका कोणता व्हेरिएंट हे स्पष्ट छापलेलं होतं, म्हणून ताडून पाहता आलं. आणि संबंध नाही सापडला तरी तो प्रबंध मान्य व्हावा, हे तुमचं दुखणं मी माझ्या मागणीत जोडून घेते.

किनवटची_परिचारिका:
तुम्ही दोघंही ज्यांचं रक्त घेता त्यांच्याबद्दल बोलत नाही. आमच्याकडे आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला माणूस वाहक असतो, सहसा ठणठणीत असतो. पण पेपरात जमातीचं नाव आणि गाव आलं, ते बातमीत आलं, की तिथल्या पोरींच्या सोयरिकी अडतात. समूहाची माहिती अशी उघड मागणारी सूची मला नको.

साधा_प्राध्यापक:
इथे मात्र मी गोदाकाठ ताईंच्या बाजूने. समूह लपवला तर दिसलेला फरक खरा की समूहांच्या सरमिसळीचा, हे पुढच्याला तपासता येणार नाही.

किनवटची_परिचारिका:
सर, जमात लिहा, गाव कशाला? जिल्हा पुरे. आणि जमात का नोंदवली, कशी ठरवली, आडनावावरून की विचारून, तेही लिहा. आमच्याकडे आडनावावरून ठरवलं तर चुकतंच. आणि छापण्याआधी निकाल त्या वस्तीवर येऊन त्यांच्या बोलीत सांगा. रक्त घेऊन गेलेली गाडी परत येत नाही, ही तक्रार मी दर कॅम्पात ऐकते.

गोदाकाठ:
गाव वगळणं मान्य. पण वस्तीवर जाऊन सांगायचं काम प्रबंधाच्या मुदतीत कसं बसवायचं? मार्गदर्शक तयार होतील का, सर?

साधा_प्राध्यापक:
मी होईन. सक्तीला मात्र माझा विरोध कायम आहे.