मदत हवी आहे: ज्याची पहिली पाळी तोच जिंकतोय, नियम कसा बदलू?

पेठेतला_भिडू
रविवारी मंगळवार पेठेत मंडळाच्या हॉलमध्ये पत्त्यांची स्पर्धा ठेवलीय. नावं आली, पत्ते छापून झाले आणि आता कळायलंय की पहिली पाळी ज्याची, तोच बहुतेक डाव मारतोय. दुसऱ्याला एक पत्ता जादा देऊन बघितला, फरक शून्य. पोरं जीव तोडून खेळतात, टॉस हरला म्हणून कुणी घरी जाऊ नये. उद्यापर्यंत ठरवायचंय, लवकर सांगा.

राजारामपुरीकर
भावा, गेम कुठला ते तरी सांग की. रमी? मेंढीकोट? किती जण बसतात?

पेठेतला_भिडू
रमी नव्हं ओ, आम्हीच केलेला गेम आहे. दोघांचा. प्रत्येकाचा एक किल्ला, ताकद २०. दर पाळीला एक मोहर वाढते, मोहरा देऊन मावळे, तोफा उतरवायच्या. किल्ला पडला की डाव संपला.

जुना_गडी
हार्थस्टोन म्हणून कॉम्प्युटर-मोबाईलवरचा दोघांचा पत्त्यांचा गेम आहे, त्यात पहिल्याला ३ पत्ते, दुसऱ्याला ४ आणि वर एक नाणं. ते वापरलं की त्या पाळीपुरती एक मोहर जास्त. नुसता पत्ता देऊन भागत नाही, कारण तो उतरवायला मोहर नसते. तुझ्याकडं तेच झालंय.

रंकाळा_वेस
नाणं कशाला? मॅजिक: द गॅदरिंग म्हणून पत्त्यांचा गेम आहे, त्यात दोघांच्या डावात पहिला गडी पहिल्या पाळीला पत्ता उचलत नाही. काम झालं.

जुना_गडी
म्हणजे एका पत्त्याचाच फरक. तो त्यानं करून बघितलाय, वर वाचा.

आकडेमोड
मोजलंय का पण? नाणं २० वेळा उडवलं तर १३ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता साधारण १३ टक्के असते. थोड्या डावांवरून काही ठरत नाही. शिवाय तरबेज पोरगंच सारखं पहिलं बसत असेल तर?

पेठेतला_भिडू
वही ठेवलीय. आलटून पालटून बसवतो. शंभराच्या वर डाव झालेत, पहिल्याचं पारडं स्पष्ट जड आहे.

काकासाहेब
पत्ते नीट पिसता का? दोन गड्ड्या करून एकमेकांत सोडायच्या, ५२ पत्त्यांना असं सात वेळा तरी लागतं.

तीन_दोन_पाच
आमच्या तीन-दोन-पाचमध्ये पाचवाला हुकूम बोलतो, पण हातही त्यालाच पाच करावे लागतात. मान मिळाला की ओझंही आलं. नव्या गेमांत हे कुणी बघतच नाही. बदाम सातमध्ये तर बदाम सत्ती ज्याच्याकडं तो पहिला, तिथं कुणाची तक्रार नसते.

राजारामपुरीकर
तोफ उतरवली की त्याच पाळीत मारते का?

पेठेतला_भिडू
हो, मग? उतरवली की मारणारच.

राजारामपुरीकर
लगा, हे आधी सांगायचं! समोरच्याचा एकही मावळा उभा नसताना किल्ल्याला मार बसतोय. पोकेमॉनच्या पत्त्यांत पहिल्याला पहिल्या पाळीत हल्लाच करता येत नाही. मॅजिकमध्ये उतरवलेला प्राणी सहसा पुढच्या पाळीपासून हल्ला करतो. तेवढं घे.

आकडेमोड
मी किल्ल्याची ताकद बदलेन. गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळात काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला जपानी नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात गुण देतात. इथं दुसऱ्याचा किल्ला २२ चा करा. किंवा एकानं आकडा बोलायचा आणि दुसऱ्यानं बाजू निवडायची. आकडा चुकीचा बोलला तर नुकसान बोलणाऱ्याचंच.

रंकाळा_वेस
बारक्या पोरांना बोली कशी जमणार? दोन डाव खेळवा, एकदा हा पहिला, एकदा तो.

आकडेमोड
आणि एक-एक बरोबरी झाली की तिसऱ्याला पुन्हा टॉस. फिरून तिथंच.

पत्तेप्रेमी
पत्ते कुठं छापले? गुळगुळीत कागद कुठं मिळतो कोल्हापुरात?

पेठेतला_भिडू
तोफेचा नियम आत्ताच बदलून दोन पोरं बसवलीत. किल्लाही २२ चा करून टाकू का?

राजारामपुरीकर
एका वेळी एकच बदल. दोन्ही केलेस तर कशामुळं फरक पडला ते वहीत दिसणार नाही. आधी तोफ, रात्रभर डाव होऊ देत. तरीही पहिलाच जिंकत राहिला तर दुसऱ्याचा किल्ला २१ पासून वाढवत जा.