आकाशकंदिलाच्या आकाराचे, छापील कागदी तुकड्यांचे रॉकेट सरळ का उडत नाही?

मंजिरी (ऑस्टिन, टेक्सस) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या मराठी शाळेतील मुलांसाठी यंदाच्या दिवाळीत आकाशकंदिलाच्या आकाराचे, खरोखर उडणारे छोटे रॉकेट करावे, असे माझ्या मनात आहे. इकडे हौशी रॉकेटांसाठी कारखान्यात तयार झालेल्या १८ मिलिमीटर व्यासाच्या मोटरी (म्हणजे इंधन भरलेल्या बंद नळ्या) दुकानात सहज मिळतात आणि साधी, नळीसारखी रॉकेटे आम्ही यापूर्वी दोन-तीनदा उडवलेली आहेत. या वेळी मात्र सर्व भाग संगणकावर रेखाटून, रंगवून, जाड कागदावर छापले आणि कापून-चिकटवून षट्कोनी कंदील तयार केला. मधला भाग १२ सेंटिमीटर रुंद, वर आणि खाली निमुळता होत जाणारा, एकूण उंची २० सेंटिमीटर. मध्यातून मोटरीची नळी आरपार जाते, वरचा कळस निघतो आणि त्याच्या खाली लहान पॅराशूट ठेवले आहे. खालच्या कडेला पतंगी कागदाच्या सहा झिरमिळ्या लावल्या.

गेल्या रविवारी ए ८-३ ही मोटर घालून पहिले उड्डाण केले. रॉकेट त्याला सुरुवातीला सरळ धरणाऱ्या उभ्या दांडीवरून सुटून जेमतेम छपराइतके वर गेले, तिथेच त्याने कोलांटी घेतली आणि ते आडवे येऊन गवतात पडले. पडल्यानंतर काही क्षणांनी पॅराशूट बाहेर फेकणारी दारू जमिनीवरच उडाली. मुले बरीच लांब उभी होती, त्यामुळे कोणाला काही झाले नाही. पण माझ्या मुलीचा चेहरा एवढासा झाला. तिने त्या कंदिलावर स्वतः रांगोळीची नक्षी काढली होती.

आकार न बदलता हे सरळ उडवता येईल का? दुसरी, लहानशी अडचण अशी की मधल्या नळीवर बसवायची छापील कडी नळीपेक्षा किंचित लहान निघाली आणि मला ती कातरून मोठी करावी लागली. मापे तर मी बरोबर टाकली होती.

---

शशांक, डेटन (ओहायो)

मंजिरीताई, आकार बदलण्याची गरज नाही. मात्र त्या कंदिलाचे काय उरले आहे, ते आधी नीट पाहा. झिरमिळ्या कुठे आहेत? माझा अंदाज असा की त्यांतील बहुतेक दांडीखालच्या लोखंडी पत्र्याजवळच अर्धवट जळून पडल्या असतील. मोटरीची ज्वाळा वर असताना अरुंद असते, पण पत्र्यावर आदळली की ती चहूबाजूंना पसरते आणि पतंगी कागद त्या क्षणीच पेटतो. म्हणजे ज्या शेपट्यांनी रॉकेटला सरळ ठेवायचे, त्या उड्डाण सुरू होण्यापूर्वीच गेल्या.

शेपटीचे काम काय, हे आपल्याला पतंगावरून ठाऊक आहे. गटांगळ्या खाणाऱ्या पतंगाला चिंधीची शेपटी बांधली की तो शांत होतो. रॉकेटलाही नियम तोच. हवेत कोणतीही वस्तू आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे वजनाच्या समतोलाच्या बिंदूभोवती, फिरते आणि हवेचा सगळा रेटा जणू एका बिंदूवर लागतो, त्याला दाबमध्य म्हणू. हा दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर वाकडे झालेले रॉकेट हवाच पुन्हा सरळ करते. पुढे असेल, तर तीच हवा त्याला उलटे फिरवते. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी बूच पुढे करूनच जाते, कारण वजन बुचात आहे आणि पिसे मागे आहेत. तुमच्या कंदिलात नेमके उलटे झाले आहे. कागदाला वजन जवळजवळ नाही. तुमच्या मापांवरून हिशेब केला, तर कंदिलाचे पृष्ठफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा कागद धरला तरी साधारण १२ ग्रॅम. सगळ्यात जड वस्तू म्हणजे मोटर, आणि ती अगदी तळाशी बसली आहे.

सडपातळ रॉकेटांचा दाबमध्य काढण्याची गणिती रीत अमेरिकी अभियंते जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये हौशी मंडळींसाठी मांडली आणि आजची बहुतेक संगणकीय साधने तीच वापरतात. परंतु ती रीत निमुळत्या, लांबट आकारांसाठी आहे. कंदिलासारख्या रुंद, बुटक्या आकाराला ती जशीच्या तशी लावू नका. तुमच्यासाठी जुनी पुठ्ठ्याची युक्ती अधिक भरवशाची. कंदिलाची बाजूने दिसणारी सावली, खऱ्या मापाची, पुठ्ठ्यावर छापून कापा आणि ती पट्टीच्या धारेवर तोला. जिथे ती समतोल राहते, तो दाबमध्याचा सावध अंदाज. नंतर प्रत्यक्ष रॉकेट मोटर आणि पॅराशूटसह तोलून पाहा. त्याचा समतोलाचा बिंदू पुठ्ठ्यावरील बिंदूच्या वर आला पाहिजे. तो येईपर्यंत कळसाच्या आत मळलेली माती चिकटवत जा. मोटरच वर सरकवावी, असा मोह होईल, तो टाळा. मोटरीचे तोंड नळीत एका व्यासापेक्षा अधिक आत गेले, तर रेटा एकदम घटतो आणि नळीही जळते.

कागदी झिरमिळ्यांवर सगळा भार टाकू नका. पारदर्शक प्लास्टिकचे तीन पंख खालच्या निमुळत्या भागावर बसवा. दहा पावलांवरून ते दिसतही नाहीत. सावलीचा पुठ्ठा कापताना या पंखांचाही त्यात समावेश करा, झिरमिळ्यांचा नको, कारण त्या लवचीक असतात. झिरमिळ्या क्रेप कागदाच्या लावा. समारंभाच्या सजावटीसाठी त्याची जी गुंडाळी मिळते, तिच्यावर अग्निरोधक असे लिहिलेले पाहून घ्या. आणि दांडीवर लाकडी चिमटा लावून रॉकेट पत्र्यापासून किमान झिरमिळीच्या लांबीइतके वर टांगा.

असे केल्यावर नेहमीच्या तीन फुटी दांडीची वापरण्याजोगी लांबी फारच कमी उरते. म्हणून चार फुटी आणि पाव इंच जाडीची दांडी घ्या. एवढा रुंद आकार दांडीवरून सुटताना पुरेशा वेगात नसेल, तर नंतर कोणतेही पंख त्याला वाचवत नाहीत.

---

कागदकाम (पुणे)

मी रॉकेटे उडवत नाही; कागदी वास्तूंची आणि किल्ल्यांची प्रारूपे छापून करतो. तुमच्या कडीचे कोडे मात्र मला ओळखीचे वाटते. आपण आराखडा ए-४ पानावर काढला आणि अमेरिकेतील लेटर पानावर छापला, असे झाले का? ए-४ पान २९७ मिलिमीटर लांब असते आणि लेटर २७९. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की संपूर्ण चित्र सुमारे ९४ टक्के होते. १८.७ मिलिमीटरचे भोक मग १७.६ मिलिमीटरच उरते आणि नळी त्यात जात नाही. नेहमी १०० टक्के मापाने छापा, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नेमकी १०० मिलिमीटरची एक रेघ ठेवा. पान बाहेर येताच कात्रीला हात लावण्यापूर्वी ती रेघ पट्टीने मोजा. इतकी साधी सवय, पण तिने माझे कितीतरी कागद वाचवले आहेत.

नळी विकत घेण्याऐवजी छापील कागदाचीच करायची असेल, तर जळून रिकामी झालेली मोटर साच्यासारखी वापरा. तिच्यावर साध्या कागदाचा एक वेढा द्या आणि त्यावर नळी गुंडाळा. आतील वेढा काढला की नवी मोटर सैलही नाही आणि घट्टही नाही, अशी बसते. कागदाला धागा असतो, तो बघून घ्या. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवला की एका दिशेने तो सहज वळतो. नळी त्याच दिशेने गुंडाळावी, नाहीतर कागद वळण्याऐवजी मोडतो. प्रत्येक घडीवर आधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढावी, म्हणजे षट्कोनाची कड सुरीसारखी येते. कापलेल्या कडांचा पांढरेपणा त्याच रंगाच्या स्केचपेनने झाकावा. शाई फवारणाऱ्या यंत्रावर छापले असेल, तर पांढऱ्या गोंदाच्या पाण्याने रंग फुटतो. म्हणून कापण्यापूर्वी पारदर्शक ॲक्रिलिकचा हलका फवारा मारून वाळू द्यावे. गोंद बोटाने नव्हे, काडीने, आणि केवळ जोडपाकळीवर (चिकटवण्यासाठी कडेला ठेवलेल्या पट्टीवर) लावावा. आकाशकंदील कामट्यांचा असो वा छापील, जास्त खळ लावली की कागद सुरकुततो, हे आपण लहानपणी शिकलो आहोत.

---

मंजिरी

दोघांचेही मनापासून आभार. आपण म्हणालात तेच खरे निघाले. पत्र्यावर चार झिरमिळ्यांची काळी टोके चिकटलेली होती. मी ती राख समजून झाडून टाकणार होते. आणि छपाईची रेघ मोजली, ती ९४ मिलिमीटर भरली.

एक शंका उरते. मोटर कोणती घ्यावी? आणि पुण्यातील माझ्या भाच्यालाही हेच करायचे आहे. त्याला हे तुकडे पाठवले, तर त्याने काय वापरावे?

---

शशांक, डेटन (ओहायो)

मोटरीवरील अक्षर एकूण जोर सांगते आणि तो प्रत्येक अक्षराला जास्तीत जास्त दुप्पट होतो: ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५ पर्यंत, सी म्हणजे १० पर्यंत. पहिला आकडा सरासरी रेटा, आणि शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यानंतर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. तुमच्यासाठी हा शेवटचा आकडाच कळीचा आहे. सडपातळ रॉकेट इंधन संपल्यावरही बराच वेळ वर जात राहते. कंदिलाला हवा इतकी अडवते की तो सेकंद-सव्वा सेकंदात थांबतो आणि खाली येऊ लागतो. ए ८-३ वर तुमचा कंदील अगदी सरळ गेला असता, तरी तीन सेकंदांनी तो जमिनीपाशीच असता. बी ६-२ घ्या. ती नीट उडाली, तर पुढे सी ६-३.

न उडवून पाहिलेल्या प्रारूपासाठी नेहमीचे पंधरा फूट अंतर पुरेसे मानू नका. मुलांना बरेच मागे न्या, सगळ्यांना मोठ्याने सूचना द्या, उलटी गणती करा, वारा पडलेली सकाळ निवडा, दांडीभोवतीचे वाळलेले गवत काढा आणि उद्यानाची परवानगी आधी घ्या. पेटवणीच्या पेटीची किल्ली सदैव तुमच्याच खिशात असू द्या.

भाच्याविषयी मात्र कळकळीने सांगतो. फटाका फोडून त्यातील दारू कागदी नळीत ठासण्याचा विचारही कोणी करू नये. भारतात १८८४ च्या स्फोटक कायद्यानुसार परवान्याशिवाय अशी दारू तयार करणे गुन्हा आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हातांची आणि डोळ्यांची. हौशी रॉकेटांचा हा छंद पसरला तोही त्याच भीतीतून. नेब्रास्कातील नॉरफोक गावात पादत्राणांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास बदलता येणाऱ्या मोटरीचे पहिले कागदी रॉकेट केले. १९५७ मध्ये ते रॉकेट अभियंते जी. हॅरी स्टाइन यांच्या हाती पडले. घरी इंधन भरताना मुलांना होणारे अपघात स्टाइन यांना अस्वस्थ करत होते आणि तयार, बंद मोटर हे त्यांना त्यावरील उत्तर वाटले.

---

कागदकाम (पुणे)

भाच्यासाठी हवेचा दाब वापरावा. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी बाटली, तिला जोडलेली सायकलची जुनी ट्यूब आणि तिच्या दुसऱ्या टोकाला अर्ध्या इंची पीव्हीसी नळी. नळीवर कागदी रॉकेट सरकवायचे आणि बाटलीवर पाय आपटायचा. मूळ मापाचा कंदील यावर उडणार नाही. आराखडा निम्म्याने लहान करून छापावा, मधली नळी मात्र पीव्हीसीच्याच मापाची, वरून पक्की बंद आणि थोडी लांब ठेवावी. कळसात मातीची गोळी इथेही हवीच. रॉकेट नळीवर असताना त्यावर वाकून पाहू नये, एवढे त्याला बजावून सांगा.

---

मंजिरी

आज सकाळी सातला नवा कंदील उडवला. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाचे तीन पंख, मुळाशी पॉलिश कागदाने घासून इपॉक्सीने बसवले. कळसात १५ ग्रॅम माती. क्रेपच्या सहा झिरमिळ्या. बी ६-२ मोटर. पुठ्ठ्याच्या सावलीचा समतोल कडेवर पेन्सिलीने खुणावला होता आणि खऱ्या कंदिलाचा समतोल त्याच्या बोटभर वर आला.

तो सरळ गेला. साधारण सात मजली इमारतीइतका, किंचित गोल फिरत, मागे सहाही झिरमिळ्या ताणलेल्या. वर थांबून खाली झुकला, तेवढ्यात कळस सुटला आणि पॅराशूट उघडले. खालच्या कडेची एक पाकळी उतरताना उसवली आहे, तेवढी आज रात्री चिकटवते. दोन झिरमिळ्यांची टोके किंचित तपकिरी झाली आहेत, म्हणून चिमटा आणखी चार बोटे वर घेईन. उद्या मुलीला उरलेल्या चार कंदिलांची पाने छापून हवी आहेत, आणि १०० मिलिमीटरची रेघ तीच मोजणार आहे.