वाचनखुणा (बुकमार्क) जतन करून सगळ्या उपकरणांवर सारख्या ठेवण्याचा भरवशाचा मार्ग कोणता?

द्राक्षवेल, नाशिक

नमस्कार. आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि राहणे नाशिकला गंगापूर रोडवर. घरच्या संगणकावर फायरफॉक्स, हिशेबाच्या लॅपटॉपवर एज आणि बागेत नेते त्या मोबाइलवर क्रोम असल्यामुळे मी हवामानाचे अंदाज, पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले, निर्यातीसाठी लागणारे औषध-अवशेषांच्या मर्यादांचे तक्ते आणि डाउनी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगांवरचे लेख यांचे दुवे अनेक वर्षे एका वेगळ्या सेवेत साठवत होते. ती सेवा बंद पडली. तिची सूचना ज्या ईमेलवर आली तो पत्ता मी क्वचितच उघडते, त्यामुळे दुवे उतरवून घेण्याची मुदत टळून गेली आणि सगळा संग्रह हातचा गेला. गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर पावसाची झड आली की फवारणीचा निर्णय त्याच सकाळी घ्यावा लागतो, आणि तेव्हा शोधाशोध करायला वेळ नसतो. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय वापरावे?

गोदाकाठ

ताई, आपल्यावर आलेली वेळ पुष्कळांवर आली आहे. दुवे साठवणाऱ्या सेवांपैकी एक्समार्क्स १ मे २०१८ रोजी बंद झाले, गूगल बुकमार्क्स ३० सप्टेंबर २०२१ रोजी आणि पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी. म्हणून माझ्या मते सेवा निवडताना तिच्या सोयींपेक्षा तिच्यातून बाहेर पडण्याची वाट आधी पाहावी. बहुतेक ब्राउझर वाचनखुणा एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून देतात. तो साचा नेटस्केपच्या काळातला असून आजही जवळपास प्रत्येक ब्राउझर तो वाचतो. ज्या सेवेतून ही फाइल मिळत नाही, तिच्यात एकही दुवा ठेवू नये.

आपल्या कामासाठी तिसऱ्या सेवेची गरज मला दिसत नाही. तिन्ही ठिकाणी फायरफॉक्स घ्या आणि एकाच खात्याने त्याचे सिंक (सगळ्या उपकरणांवर दुवे आपोआप सारखे ठेवणे) सुरू करा. दुवे उपकरणावरून निघण्यापूर्वीच कूटबद्ध होतात, त्यामुळे सर्व्हरवर ते कोणाला वाचता येत नाहीत. ब्राउझर बदलायचेच नसतील तर फ्लोकस हे मुक्त स्रोत विस्तारक (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) आपल्या स्वतःच्या नेक्स्टक्लाउड (स्वतः चालवता येणारी फाइल-साठवण) किंवा गूगल ड्राइव्हमार्फत वेगवेगळ्या ब्राउझरांतील वाचनखुणा जुळवते, परंतु त्याच्या जुळणीला थोडा संयम लागतो.

सातपूरकर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. मागे माझ्याकडून फोनवर एक पूर्ण फोल्डर चुकून पुसला गेला आणि थोड्याच वेळात तो कार्यालयातील संगणकावरूनही नाहीसा झाला, कारण पुसणे हासुद्धा सिंकच्या दृष्टीने एक बदलच असतो आणि तो इमानाने सगळीकडे पोहोचवला जातो. संगणकावरील फायरफॉक्स वाचनखुणांच्या मागील काही प्रती आपोआप राखून ठेवतो. त्यातली आदल्या दिवशीची प्रत परत आणल्यामुळे माझे दुवे वाचले. तरीही दर महिन्याला एचटीएमएल फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पानमळा

ताई, आपल्या बाबतीत खरा धोका मला वेगळाच दिसतो. वाचनखूण फक्त पत्ता जपते, मजकूर नव्हे. अवशेषांचे तक्ते बदलतात, जुने सल्ले संकेतस्थळावरून काढले जातात, आणि मग जपून ठेवलेला दुवा रिकाम्या पानावर नेतो. ज्या पानावर फवारणीचा निर्णय अवलंबून आहे, ते पानच साठवावे. सिंगलफाइल हे विस्तारक चित्रांसह संपूर्ण पान एका फाइलमध्ये बांधून देते. पीडीएफ असेल तर ती थेट उतरवून नावात तारीख लिहावी, म्हणजे मागच्या हंगामाचा तक्ता चालू हंगामाचा समजून वापरला जाणार नाही. या फाइली मोबाइलमध्ये असल्या की बागेत रेंज नसली तरी अडत नाही. सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या, संकेतस्थळांची जुनी पाने जपणाऱ्या वेबॅक मशीनवरही त्याची प्रत नोंदवता येते.

द्राक्षवेल, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. पान साठवण्याचा विचार मला सुचलाच नव्हता, आणि गेलेल्या दुव्यांपेक्षा त्या पानांचीच हळहळ मला अधिक होती. तिन्हीकडे फायरफॉक्स घेतले आहे. लॅपटॉपवरील एजमधले दुवे सहज आले, पण मोबाइलच्या क्रोममधून फाइल उतरवण्याचा पर्याय कुठेच सापडत नाही.

गोदाकाठ

मोबाइलच्या क्रोममध्ये तो पर्याय नाही. मोबाइलवर क्रोमचे सिंक सुरू असल्याची खात्री करून घ्या, संगणकावर क्रोम उघडून त्याच गूगल खात्याने प्रवेश करा आणि तिथेही सिंक सुरू करा. दुवे तिथे आले की कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबून वाचनखुणांच्या व्यवस्थापकातून फाइल उतरवा. ती घरच्या फायरफॉक्समध्ये आयात केल्यावर मोबाइलच्या फायरफॉक्समध्ये हे दुवे ‘डेस्कटॉप बुकमार्क्स’ या फोल्डरखाली दिसतील. सगळे दुवे आल्याचे पाहिल्याशिवाय क्रोममधले पुसू नका.