कसर नक्की कशाला म्हणायचं?

गावच्या वाचनालयात मोडी कागदांचे काही रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, आहेत. पावसाळा सरल्यावर ते उघडून पाहताना मी नोंदवहीत ‘कसर लागली आहे’ असं लिहिलं. मोडी वाचणाऱ्या काकू शेजारी होत्या. त्यांनी कागद उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, “ही कसर नव्हे. कसर असं भोक पाडत नाही.”

तेव्हापासून हा शब्द डोक्यात आहे. (‘कसर भरून काढणं’ यातली कसर वेगळी, ती अरबीतून आली, तूट या अर्थाने. इथे किड्याबद्दल बोलतोय.) कसर म्हणजे तो चंदेरी, चपळ, बिनपंखी किडा. तो कागद वरवर कुरतडतो, चाटल्यासारखा. कागद जागोजागी विरविरीत होतो, अक्षर फिकं दिसतं, कडा झिजतात. आमच्या कागदावर मात्र बाजरीच्या दाण्याएवढी गोल भोकं होती आणि तेच भोक खालच्या अकरा कागदांतून आरपार गेलं होतं. हे काम भुंगेऱ्याच्या अळीचं. वाळवी आणखी निराळी: ती मातीचा माग ठेवते आणि गठ्ठाच्या गठ्ठा आतून फस्त करते. बोलताना आपण सगळ्यालाच ‘कसर’ म्हणतो, पण उपाय तिन्हींचे वेगळे. वाळवी असेल तर भिंत आणि जमीन तपासायची, अळी असेल तर तो रुमाल आधी बाकीच्यांपासून दूर ठेवायचा, कसर असेल तर ओल आणि खळ शोधायची. म्हणून नोंदवहीत तरी नेमका शब्द हवा.

खळीचं सांगायलाच हवं. हातकागद, मग तो जुन्नरी असो की दौलताबादी, खळ देऊन दगडाने घोटलेला असायचा. त्यामुळे बोरू अडखळत नसे, शाई पसरत नसे. ज्या खळीने अक्षर सुबक आलं, तीच कसरीचं आवडतं खाणं. फाटलेला कागद घरच्या कणकेच्या खळीने जोडला की पहिला घास त्या सांध्याचाच जातो. रुमालासाठी नवा मांजरपाट आणला तर तो आधी उकळून, धुऊन त्याची खळ काढतात, त्याचं कारणही हेच.

‘रुमाल’ हा शब्दही नव्या मुलांना समजावून द्यावा लागतो. फारसीत ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारा. आपल्याकडे कागद बांधायचं चौकोनी फडकं आणि पुढे तो गठ्ठाच रुमाल झाला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद आजही रुमालाच्या क्रमांकाने मागवतात. बांधणी घट्ट हवी हे जुन्या लेखकांना पक्कं ठाऊक होतं. पोथीच्या शेवटच्या श्लोकात पुस्तक स्वतःच विनवतं, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा. सैल रुमालात हवेची ओल शिरते, पानं वाकतात, किड्याला वाट मिळते. पण सुतळी थेट कागदावर आवळली तर कडा कापल्या जातात, म्हणून वरखाली पुठ्ठा हवा.

आता खरा प्रश्न: या कामाला ‘संवर्धन’ म्हणावं की ‘जतन’? सरकारी कागदात संवर्धन दिसतं. त्यात ‘वृध्’ धातू आहे, वाढ आहे. झाडांचं, पशुधनाचं संवर्धन समजतं. 200 वर्षांपूर्वीचा कागद वाढवायचा नसतो, आहे तसा टिकवायचा असतो. ‘जतन’ आलं ‘यत्न’ वरून, आणि इथे यत्न रोजचा आहे: आर्द्रता पाहणं, रुमाल सोडून पुन्हा बांधणं, मऊ ब्रशने धूळ झाडणं. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याहून वरच असते.

मात्र ‘जतन’ शब्द सैलही वापरला जातो, त्याचं वाईट वाटतं. एका संग्रहात मी प्लास्टिकमध्ये गरम दाबून बंद केलेली सनद पाहिली. वर चिठ्ठी होती, ‘जतन केलेला कागद’. ते प्लास्टिक आता काढता येत नाही आणि आत कागद पिवळा पडतो आहे. चिकटपट्टीचंही तेच, तिचा गोंद शाईपर्यंत मुरतो. केलेली दुरुस्ती उद्या कुणाला सोडवता आली पाहिजे, तरच तिला जतन म्हणावं असं मला वाटतं. पातळ कागदाचं अस्तर खळीने लावलं तर ते पाण्याने सुटतं. खळीत कसरीची जोखीम आहे, तरी जाणकार तिच्याकडेच वळतात ते यासाठी.

काकूंनी आरपार भोक पाडणाऱ्या अळीला त्यांच्या माहेरचा शब्द आठवून पाहिला, पण आठवला नाही. तुमच्याकडे तिला काय म्हणतात? घाटावर, विदर्भात, गोव्यात वेगळा शब्द असेल तर गावाच्या नावासह सांगा. नोंदवहीतला तो रकाना मी अजून कोरा ठेवला आहे.