आधी माळ्यावरची भांडी काढा

बायकांचा इतिहास लिहायला कागदच नाहीत, असं नेहमी म्हटलं जातं. वंशावळीपुरतं खरं आहे. आम्ही नाशिकला रामकुंडावर उपाध्यायांकडची नामावळ, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींची वही, पाहिली. पणजोबा, त्यांचे भाऊ, मुलगे, सगळे सह्यांसकट हजर. पणजी एका ओळीत, तीही सासरच्या नावाने.

मग आत्याने माळ्यावरचं पितळी घंगाळ काढून चिंचेने घासलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटली: 'चि. गोदूस मामांकडून, शके १८४६'. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून ही गोदू, म्हणजे पणजीच, घरात कुणाला ठाऊकच नव्हती!

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालंय. छान. पण मागच्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या बायकांना विचारूनच ना? विचारायचं कसं, हीच खरी मेख. आत्याला 'घराण्याचं सांग' म्हटलं की ती आजोबांची नोकरी सांगते. घंगाळ घासता घासता मात्र गोदूला गोदावरीत पोहता यायचं, हेही निघालं.