मदत हवी आहे: गोल्फ खेळताना पाय ओले होतात, रविवारच्या आत उपाय सांगा

हिरवळवेडा
नमस्कार मंडळी. पावसात खेळायला उतरलो की चौथ्या होलपर्यंत मोजे पिळून काढावेत इतके ओले होतात. बूट वॉटरप्रूफ आहेत, स्वस्तातले नाहीत. दुकानदार म्हणतो कंपनीला मेल करा, कंपनी म्हणते दुकानात दाखवा. येत्या रविवारी पुण्यात येरवड्याला १८ होल खेळायचे आहेत आणि पाऊस सांगितलाय. नवीन बूट घेऊ का? घेतले तर कुठले? "पावसात खेळू नका" हे उत्तर नकोय, ते घरून मिळालंय.

लातूरचा_गडी
दादा, आधी हे सांगा, आपल्या मराठवाड्यात गोल्फ कुठं खेळायलात? आमच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पाय ओले व्हायलेत म्हणून आपल्याकडं कुणी तक्रार करायलंय, हे वाचूनच गार वाटलं.

हिरवळवेडा
संभाजीनगरात राहतो. मैदान कुठलं याचा प्रश्नाशी काय संबंध? उपाय असेल तर बोला.

डोंगरवाट
उत्तर सोपं आहे. गोअरटेक्सचा पडदा, म्हणजे आत पाणी अडवणारा पातळ थर असलेले बूट घ्या, विषय संपला. त्या पडद्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी बारीक असतात, पण घामाची वाफ त्यातून बाहेर जाते. मी ट्रेकला तेच वापरतो, ओढ्यातून चाललो तरी आत थेंब नाही. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं घेऊ नका, ते शिंतोड्यांपुरतं असतं.

परभणीकर_मामा
गमबूट घ्या. आम्ही सोयाबीनात दिवसभर त्यातच असतो. तीनचारशे रुपयांत काम होतं. हजारो रुपये कशाला घालायचे?

डोंगरवाट
मामा, गमबूट घालून गोल्फचा स्विंग करून दाखवा. मागची टाच उचलते, पाय जागच्या जागी फिरतो. आत पाऊल सरकलं की घोटा गेला.

परभणीकर_मामा
गमबूट घालून आम्ही बैल आवरतो. तुमचा तो बॉल तर एका जागी पडून असतो.

जुना_कॅडी
हिरवळवेडा सर, बुटावर पैसे घालायच्या आधी थोडं सांगा. पाऊस चालू असतानाच ओले होतात की सकाळच्या दवातही? आधी बोटं ओली होतात की घोटा? मोजे कसले? हाफ पँट की फुल? मी बरीच वर्षं खेळाडूंच्या बॅगा उचलल्यात, या चार गोष्टी कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

हिरवळवेडा
पाऊस. कधी नुसतं गवत ओलं असलं तरी. मोजे साधेच. बाकीकडे लक्ष दिलं नाही, ओलं झाल्यावर सगळंच ओलं लागतं.

जुना_कॅडी
साधेच म्हणजे सुती ना? आणि पँट?

हिरवळवेडा
हो, सुती. पँट फुल, कॉटनचीच. त्याचा बुटाशी काय संबंध?

जुना_कॅडी
तोच तर संबंध आहे. रफमधून, म्हणजे कडेच्या उंच गवतातून चाललं की पँटची खालची कड आधी भिजते. ती मोज्याला चिकटते आणि सुती मोजा दिव्याच्या वातीसारखं पाणी खाली ओढत पार बोटांपर्यंत नेतो. बूट खालून पक्का असेल तर उलट आणखी वाईट, कारण आत गेलेलं पाणी बाहेरच पडत नाही. आमच्याकडे येणारे बरेच लोक बूट बदलत राहायचे आणि मोजे तेच ठेवायचे. पावसाळी पँट घ्या, तिची कड बुटाच्या तोंडावरून बाहेर पडू द्या, आत खोचू नका. मोजे सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे. दुसरा जोड झिपच्या पिशवीत ठेवा. नऊ होल झाले की बाकावर बसायचं, बोटांच्या बेचक्या टॉवेलनं पुसायच्या आणि मोजे बदलायचे. हे कुणी करत नाही, कारण मागचा ग्रुप ओरडतो.

डोंगरवाट
वरून पाणी जातं हे मान्य, पण सगळा दोष मोज्यावर ढकलू नका. पडदा दुमडण्याच्या जागी फाटतो. गोल्फमध्ये मागच्या पायाची बोटं प्रत्येक फटक्याला वाकतात, तिथेच चूण पडते.

जुना_कॅडी
आणि तुमच्या पडद्याबद्दल हेही लिहा की जुलैतल्या दमट हवेत त्याचा श्वास कोंडतो. बाहेरच इतकी वाफ असताना आतली जाणार कुठं? वरचं कापड भिजून बसलं तर आणखीच. निम्मं ओलं घामाचंच असतं.

डोंगरवाट
म्हणूनच वरच्या थराला पाणी झटकणारा स्प्रे अधूनमधून मारावा लागतो. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर ठीक, डाग पडून मुरायला लागलं तर स्प्रेची वेळ झाली. लोक ते करत नाहीत आणि पडद्याला नावं ठेवतात.

नियमपंडित
एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. पाण्यात उभं राहायची गरजच नसते! नियम १६.१ वाचा. तात्पुरतं साचलेलं पाणी तुमच्या उभं राहण्याच्या आड येत असेल तर पेनल्टीशिवाय (जादा फटका न धरता) सुटका मिळते, म्हणजे बॉल हलवता येतो. पूर्ण सुटका मिळेल असा सर्वांत जवळचा बिंदू धरायचा, तिथून एका क्लबच्या (काठीच्या) लांबीत, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप घ्यायचा, म्हणजे बॉल हातातून खाली सोडायचा. पाणी डोळ्यांना दिसलं पाहिजे, बूट दाबल्यावर क्षणभर पचकलं म्हणून चालत नाही. दव यात धरत नाहीत. याला पूर्वी 'कॅज्युअल वॉटर' म्हणत, २०१९च्या नियमांपासून 'टेम्पररी वॉटर' झालं. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) आतल्या आत सुटका फुकट, बाहेर यायचं तर एक पेनल्टी.

हिरवळवेडा
नियम माहीत आहेत साहेब. गवतातून चालत जायला कुठला नियम सुटका देतो?

नियमपंडित
माहीत असूनही बरेच जण पाण्यात उभे राहून मारतात, म्हणून सांगितलं.

धाराशिवकर_ताई
पायांचं राहू द्या, विजेचं काय? आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी शेतात माणसं आणि जनावरं जातात. मोकळं मैदान आणि हातात लोखंडी काठी! 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेलं आहे. गडगडलं की झाडाखाली थांबू नका, सरळ क्लबहाऊस गाठा.

नियमपंडित
ताई बरोबर बोलल्या. विजेचा धोका वाटला तर खेळाडू स्वतःहून खेळ थांबवू शकतो, नियम ५.७.

लातूरचा_गडी
२०२५च्या सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं ते बघितलंय ना? रानंच्या रानं वाहून गेली, माती राहिली नाही. तवापासून पाऊस म्हटलं की पोटात गोळा येतो. आणि हे बूट कुठले घेऊ विचारायलेत.

परभणीकर_मामा
लातूरकर, त्यांनी बुटाचं विचारलं, बुटाचं सांगा. पुराचा धागा वेगळा काढा, मी पण लिहितो तिथं.

त्वचेची_डॉक्टर
कुणी विचारलं नाही तरी लिहिते. मोजे असे रोज ओले राहिले की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, खाज सुटते, वास येतो. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा आणि क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचं साधं मलम लावा. बरं वाटलं म्हणून लगेच थांबवू नका, थोडे दिवस पुढे चालू ठेवा. मेडिकलवाला स्टेरॉइड मिसळलेलं मलम देतो, ते घेऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत वाढत राहते. मधुमेह असेल तर पाय रोज नीट बघा, छोटी भेग दुखत नाही म्हणून राहून जाते.

परभणीकर_मामा
डॉक्टरताई, आम्ही खोबरेल तेलात हळद घालून लावतो. चालतंय की.

त्वचेची_डॉक्टर
मामा, बेचकीत तेल लावलं की ओल धरून राहते. बुरशीला तेच हवं असतं.

डोंगरवाट
हिरवळवेडा, वाद बाजूला ठेवून एक चाचणी करा. दोन्ही बुटांत कोरडा वर्तमानपत्राचा कागद बोटांपर्यंत कोंबा. परातीत पाणी घेऊन बूट त्यात ठेवा, पाणी लेसच्या खाली राहिलं पाहिजे. बूट चालताना वाकतो तसा हातानं मधून मधून वाकवा. अर्ध्या तासानं कागद काढा. कागद कोरडा निघाला तर कॅडीसाहेब जिंकले.

हिरवळवेडा
केली. घरात परात वापरली म्हणून ऐकून घेतलं ते वेगळं. डावा बूट पूर्ण कोरडा. उजव्यात करंगळीच्या बाजूला, जिथे वाकतो तिथे, कागदाचा कोपरा ओला, बाकी कोरडा. मी उजव्या हाताचा खेळाडू आहे.

डोंगरवाट
म्हणजे मागचा पाय! चुणीतच गेलाय. ते चिकटवून होत नाही.

जुना_कॅडी
पण डावा कोरडा असूनही तो पाय ओला होतोच ना तुमचा? मग ते वरून येतंय. दोन्ही कारणं धरा. रविवारपुरतं नवीन बूट घेऊन थेट १८ होल चालू नका, टाचा सोलून निघतील. हेच बूट घाला, सुती मोज्यांऐवजी वॉटरप्रूफ मोजे घाला आणि वर पावसाळी पँट. घरी घालून बघा, हे मोजे जाड असतात, बूट आवळला तर बोटं बधिर होतात.

हिरवळवेडा
वॉटरप्रूफ मोजे इथे कुठे मिळतील? ऑनलाइन सोमवारची तारीख दाखवतंय.

डोंगरवाट
पुण्यात ट्रेकिंगचं सामान मिळतं त्या दुकानात विचारा. शनिवारीच पोचा.

परभणीकर_मामा
नाही मिळाले तर मोज्यावर दुधाची रिकामी पिशवी, वरून बूट. ऊस तोडायला जाणारे तसंच करतात.

जुना_कॅडी
मामा, पिशवीत पाय सरकतो आणि घामानं आतूनच भिजतो. हां, एखाद्या तासापुरतं चालेल. सर, आणखी एक. आपल्या काळ्या मातीत खेळता तेव्हा बुटाच्या तळाच्या स्पाईकमध्ये (टोकांमध्ये) माती बसून तळ सपाट होतो आणि पाय घसरतो. टीच्या (बॉल ठेवायच्या खुंटीच्या) टोकानं दर दोन-तीन होलनंतर ती कोरून काढा. घरी आल्यावर बुटातले इनसोल बाहेर काढा, आत कागद कोंबा, ओला झाला की बदला आणि पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, हीटरसमोर तर नकोच, चिकटवलेले जोड सुटतात.

हिरवळवेडा
ठीक. शनिवारी दुपारी निघतोय. पावसाळी पँट मोटारसायकलवरची चालेल का? ती आहे घरात.

जुना_कॅडी
चालेल, पण गुडघ्यात फिरताना आवाज करते. पुट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, मारताना समोरचा वैतागेल.

परभणीकर_मामा
उजवा बूट गळका असेल तर डावा तरी चांगला आहे म्हणायचा. नंबर कितीचा आहे?